काचेखालची यादी

सीतारामरावांच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली निळ्या शाईत लिहिलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पंधरा-सोळा ओळी. ताप, हगवण, झाडावरून पडला, इंजिनाचा चटका, बाळंतपण, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. कुठल्याही रोग्याचा कागद समोर आला की सीतारामराव चष्मा कपाळावर ढकलत, चिठ्ठीवरून बोट खाली सरकवत आणि ते जिथे थांबेल तिथला आकडा कागदावर टाकून मोकळे होत. खतीजाला त्या चिठ्ठीचा पहिल्या दिवसापासून राग होता. पण हा राग खरा किती मोठा आहे, ते तिला कळलं त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये, हिरीच्या कागदावरून.

लोणावळ्यात बाजाराच्या मागे तेव्हा एका ट्रस्टचा दवाखाना होता. कौलारू, बैठा, तीस खाटांचा. खंडाळ्याच्या बंगल्यांवरचे माळी, रेल्वेचे हंगामी गँगमन, कुसगावचे शेतकरी, डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं, सगळी तिथेच येत. पडवीत फिनेलचा वास आणि शेजारच्या भट्टीतल्या गुळाच्या पाकाचा वास असे काही एकजीव होत, की पुढे कित्येक वर्षं खतीजाला नुसता पाक उकळताना दिसला तरी दवाखाना आठवायचा. ती पॉइंट्समन नसीर तांबोळींची मुलगी. मॅट्रिक झाली, पुण्याला पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आली आणि दवाखान्याच्या नोंदणीच्या खोलीत कामाला लागली. तिला येऊन आता पाच वर्षं झाली होती.

काम असं, की दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्याचा आजार महिनाअखेरीला आकड्यात लिहायचा आणि तक्ता पुण्याला पाठवायचा. त्यासाठी दोन जाड पुस्तकं होती. जगात माणसाला जे जे होऊ शकतं ते सगळं त्यात ओळीनं मांडलेलं, आणि प्रत्येकाला आकडा. सीतारामराव हेडक्लार्क. त्यांनी ती पुस्तकं आल्या दिवशी खाकी कागदात बांधून कपाटावर ठेवली होती. खतीजानं ती खाली काढली, पुसली आणि वापरायला घेतली. डॉक्टरांचं अक्षर लावत लावत नेमका आकडा सापडला की तिला फार बरं वाटे. आपण कुणाच्या तरी दुखण्याला त्याची जागा दिली, असं वाटे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतून हिरीला आणली. नवऱ्यानं, म्हणजे सावळ्यानं, आणि दिरांनी तिला झोळीत घालून मळवली स्टेशनपर्यंत उतरवली आणि तिथून लोकलनं लोणावळ्याला. बरोबर बाया नावाची सासू, आणि तिच्या कडेवर हिरीची दोन वर्षांची पोर. हिरी बाविशीची असेल, पण डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली. पंधरा दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी दुपारी जसंच्या तसं बाहेर पडायचं. वाडीवर देवऋषी झाला, अंगारा झाला, शेवटी दवाखाना.

मोठे डॉक्टर, म्हणजे सर्जन, पुण्याहून फक्त मंगळवारी येत; एरवी छोटे डॉक्टर बघत. त्यांनी दुधासारखं पांढरं औषध पाजून हिरीच्या पोटाचा फोटो काढला. औषध जठरातच अडून बसलं होतं, पुढे सरकायचं नाव नाही. जठराचं खालचं तोंड बुजलेलं. त्यांनी त्याच दिवशी पोट उघडलं.

"आतून काय निघालं बघायचंय?" संध्याकाळी नर्स नंदाबाईनं खतीजाला हाक मारली. बाटलीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये काळपट, कवठाएवढा गोळा. जठराच्या पिशवीचाच बाक घेतलेला, एका टोकाला निमुळता.

"दगड आहे का हा?"

"दगड कसला! टेंभुर्ण्या. साली, गर, बिया, सगळं एकमेकांना चिकटून घट्ट बसलंय. महिनाभर हेच खात होती म्हणे."

गुरुवारी एकतीस तारीख. महिनाअखेरीला खाटेवर असलेल्यांचेही आकडे लावून तक्ता त्याच दिवशीच्या टपालानं पाठवायची तिथली पद्धत होती. हिरीच्या कागदावर सर्जननं इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली, जठराची वाट बंद. दुसरी, कारण, न पचलेल्या वनस्पतीचा गोळा. वाट बंदचा आकडा खतीजाला पाठ होता, पाचशे सदतीस. पण पुस्तकाचा नियम असा, की कारण लिहिलेलं असेल तर आकडा कारणाचा घ्यावा. मग तिनं गोळ्याचा शोध सुरू केला. अर्धा तास पानं उलटल्यावर पुस्तकानं तिला नेऊन सोडलं नऊशे पस्तीसवर. 'जठरातली बाहेरची वस्तू.' टाचणी, खिळा, नाणं, आणि असले गोळे. खतीजा स्वतःशीच हसली. असा आकडा त्या दवाखान्यात कुणी कधी लावला नव्हता.

मात्र नऊशे पस्तीस हा पुस्तकाच्या इजांच्या भागातला. त्या भागातला आकडा लावला की शेजारच्या रकान्यात दुसरा एक लागतोच. हे घडलं कसं? चुकून, स्वतः करून घेतलं, की दुसऱ्या कुणी केलं? खतीजानं रकाना रिकामा ठेवला. पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'मंगळवारी डॉक्टरांना विचारणे.' पाच वाजले होते. तिनं शाईची दौत बंद केली, कागद सीतारामरावांच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेली.

एवढंच तिनं केलं. हे 'एवढंच' तिला पुढे जन्मभर टोचलं.

शुक्रवारी सकाळी ती पडवीत पाऊल टाकते तोच बायकांच्या खोलीतून बायाचा आवाज आला. आत हिरीच्या खाटेशी हवालदार कोंडाजी स्टुलावर बसलेला, टोपी मांडीवर, हातात वही. हिरी उशीला टेकून कशीबशी अर्धी उठलेली. नाकातली नळी आदल्या रात्रीच निघाली होती.

"नाव?"

"हिरी."

"काय खाल्लं हुतंस?"

"टेंभुर्न्या."

"कुनी दिल्या?"

"कोन देनार? म्याच तोडल्या, म्याच खाल्ल्या."

"म्हंजे सोताच्या हातानं."

"आवं हवालदारभाऊ," बाया कडाडली, "सोताच्या हातानं न्हाई खायाचं तर काय सरकार येऊन भरवनार हाय व्हय आमाला?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिस्सकन हसली. कोंडाजी हसला नाही. त्यानं वहीत लिहिलं.

"मावशे, तुजं खरं. पर दवाखान्याचा कागद आलाय चौकीवर. हिनं जीव द्यायला इख खाल्लं म्हून. तीनशे नऊ कलम लागतंय. बोलाय-बसाय लागली की वडगावला कोर्टात हुभी करावी लागंल. आन नवऱ्याचा बी जबाब. ती का म्हून जीव द्याय लागली, त्यो मारतो का काय, ते बगाया नगं? कुटं हाय त्यो?"

सावळा नव्हता. घटकेपूर्वी पडवीत विडी ओढत बसलेला नंदाबाईनं पाहिला होता. पण वर्दी पाहिली की डोंगरच्या माणसानं रान गाठायचं, ही त्यांची पिढ्यांची सवय. लाकूडफाट्यापायी जंगलाच्या गार्डांनी लावलेली. सावळ्यानं हवालदार पायरी चढताना पाहिला आणि मागच्या कुंपणावरून उडी टाकून तो गेला. आता पळाला म्हणजे दोष आहेच, हे कोंडाजीला वेगळं सांगायला नको होतं.

"पळाला न्हवं?" तो एवढंच म्हणाला. "मंगळवारी येतो. तवर हिला सोडू नका."

खतीजाला आधी काही कळेना. जीव द्यायला? विष? ती तशीच नोंदणीच्या खोलीत गेली आणि तक्त्याची दवाखान्याकडे राहिलेली कार्बन प्रत तिनं ओढून काढली. हिरीच्या नावासमोर तिचा नऊशे पस्तीस होता. शेजारच्या रकान्यात, जिथे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं तिथे खोडरबरचा काळा फराटा आणि त्यावर सीतारामरावांच्या वळणदार अक्षरात नऊशे पन्नास. स्वतःहून विष घेतले.

तिनं टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. चिठ्ठीत अकरावी ओळ होती, 'रानातलं काही खाल्लं – ९५०.'

सीतारामराव दहाला आले. छत्री खुंटीला अडकवली, टोपी काढून त्यावर ठेवली.

"हे तुम्ही लिहिलंत?" खतीजानं कागद पुढे केला.

"हो. तू रकाना रिकामा ठेवून गेलीस. रिकामा रकाना असला की पुण्याहून अख्खा तक्ता परत येतो. मार्चमध्ये आला होता, आठवतं ना? बोलणी कुणी खाल्ली? मी."

"म्हणून मनाला येईल ते लिहायचं? विष कुठे होतं इथे?"

"केसपेपर वाचला मी. 'रानातलं फळ खाल्लं' असं छोट्या डॉक्टरांनी भरती करताना लिहिलंय. दर उन्हाळ्यात एक तरी बाई कण्हेर नाही तर धोतरा खाऊन येतेच की नाही वरून? गेल्या वर्षी दोन आल्या. यांचं भांडण झालं की ह्या रानात जातात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. माझी वीस वर्षं गेलीत इथे, खतीजाबाई."

"टेंभुर्णी ही कण्हेर आहे?"

"मला काय वनस्पतिशास्त्र शिकवतेस? रानातलं ते रानातलं."

"आणि चौकीवर वर्दी कुणी दिली?"

"नऊशे पन्नास लागला की वर्दी द्यायची, हा नियम आहे. मी नियमानं चाललो."

खतीजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम तर तीही पाळत आली होती. तिनंच तो आकडा पुस्तकातून शोधून काढला होता, हसत हसत. साधा पाचशे सदतीस लिहिला असता तर दुसरा रकाना उघडलाच नसता आणि सीतारामरावांच्या बोटाला तिथे शिरायला वाट मिळाली नसती.

"आत्ता खोडा ते," ती म्हणाली. "मी चौकीवर जाऊन सांगते चूक झाली म्हणून."

"खोडायला तो माझ्या घरचा हिशेब नाही. मूळ प्रत काल सहाच्या टपालानं गेली. आता सर्जन लिहून देतील तरच बदलेल. आणि सर्जन असल्या कागदांना हात लावत नाहीत, ते तुला ठाऊक आहे." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "एवढं काय लागलंय तुला? तुझी कोण आहे ती?"

खतीजानं कागद उचलला आणि ती आपल्या टेबलाशी परतली. 

शनिवारी दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर ती हिरीच्या खाटेशी जाऊन बसली. हिरी छताकडे बघत पडली होती. पोर तिच्या पायाशी झोपलेली.

"बाई, तुमी कागद लिवता न्हवं?"

"हो."

"मग माज्या कागदावर काय लिवलंय? हवालदार म्हनतोय मी मराया बगत हुते. मला मराया येळ कुटं हाय? ही पोर अजून अंगावर पितीया."

"मग एवढ्या टेंभुर्ण्या का खाल्ल्यास ग?"

हिरीनं तिच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

"भूक लागली की खायाच्या. औंदा नाचनी पिकली न्हाई. रेशनवर त्यो तांबडा मिलो जोंधळा, त्यो बी आठवड्याला पायलीभर. भाकर हुती ती म्हातारीला, हिला, आन धन्याला, त्यो खडी फोडाया जातोय. मी लाकडं मोडाया वर जायाची, तितं टेंभुर्न्या. पिकल्याल्या सरल्या मग करकरीत खाल्ल्या. सालीसकट खाल्लं की पोट दम धरतंय." ती थांबली. "लय दम धरला."

ती हसली आणि टाक्यांवर हात दाबून कळवळली.

खतीजा उठून नंदाबाईच्या खोलीत गेली. फळीवर बाटली होती. त्या गोळ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. 'बाहेरची वस्तू.' टाचणी, खिळा, नाणं. महिनाभराचं जेवण होतं ते एका बाईचं. पुस्तक लिहिणाऱ्या कुणालाही माणूस हे जेवण म्हणून खाईल असं वाटलं नव्हतं, आणि पुस्तक वाचणारीला, म्हणजे खतीजाला, तेही खटकलं नव्हतं. तिला आता सीतारामरावांपेक्षा स्वतःचाच संताप आला. पण स्वतःवरचा संताप काय कामाचा? हिरीला वडगावला नेणारा कागद त्यानं फाटत नव्हता.

रविवारी बाया पोरीला नंदाबाईजवळ ठेवून वाडीवर गेली, सावळ्याला शोधायला. तो सापडला नाही. मंगळवारी सकाळच्या लोकलनं ती परत आली ती लुगड्याच्या ओच्यात काहीतरी भरून. आल्या आल्या तिनं पायरीवर ओचा सोडला. पिवळ्याधमक, सुरकुतलेल्या टेंभुर्ण्या, शेलक्या, वरच्या कड्याजवळच्या एकाच झाडाच्या. त्या झाडाला ती पहाटे चढली होती, या वयात.

"मावशी, अगं हे काय आणलंस?" नंदाबाईनं कपाळावर हात मारला. "ह्याच्यापायीच तर सगळं झालं!"

"मंग? सायबाकडं मोकळ्या हातानं जायाचं व्हय? आमच्याकडं ह्येच हाय. गोड हायेत, खावा."

वाडीची ती रीतच होती. कामासाठी कुणाच्या दारी जायचं तर रानातलं काहीतरी घेऊन जायचं, करवंदं म्हणा, मध म्हणा, आळंबी म्हणा. बाया पहिल्यांदा गेली ती सीतारामरावांच्या टेबलाशी. काचेवर, चिठ्ठीच्या बरोबर वर, तिनं दोन ओंजळी टेंभुर्ण्या ओतल्या आणि बाजूला होऊन उभी राहिली. दहाच्या सुमाराला कोंडाजी आला, हिरीला न्यायचा कागद घेऊन, आणि समोरच्या खुर्चीत बसला.

खतीजा आपल्या टेबलाशी होती. तिनं मान वर केली तेव्हा सीतारामराव एक टेंभुर्णी चोखत होते. बी त्यांनी सफाईनं ओंजळीत घेतली आणि टोपलीत टाकली. दुसरी उचलली.

"घ्या हवालदार. यंदा गोड आहेत."

"व्हय की." कोंडाजीनं साल दातानं सोलली. "आमच्या गावाकडं लय. ल्हानपनी ह्याच्यावरच जगलो."

खतीजा मोजत होती. सीतारामरावांची सहावी झाली, कोंडाजीची चौथी. मग तिनं कपाटातून दोन कोरे केसपेपर काढले. अक्षर नेहमीसारखंच आलं. लिहून झाल्यावर उठली, आणि पहिला कागद सीतारामरावांच्या पुढ्यात ठेवला, दुसरा कोंडाजीच्या.

"हे काय?"

"वाचा."

सीतारामरावांनी चष्मा खाली घेतला. वाचता वाचता त्यांचा चोखणारा गाल थांबला.

"मोठ्यानं वाचा," खतीजा म्हणाली. "हवालदारांनाही ऐकू दे. बरं, मीच सांगते. नाव सीताराम, वय एक्कावन्न, पुरुष. रानातलं खाल्लं. कुणी दिलं नाही, स्वतःच्या हातानं खाल्लं. साक्षीदार हजर. नऊशे पन्नास. तुमच्याच चिठ्ठीतली अकरावी ओळ, टेंभुर्ण्या पडल्यात बघा त्यावर. हवालदार, तुमचाही हाच आकडा. लहानपणापासून जीव द्यायचा प्रयत्न करताय म्हणजे तुमचं प्रकरण जुनंच. तीनशे नऊ कलम दोघांना लावा आणि चला, लोकल अकराची आहे. वडगावला तिघांनाही एकदम उभं करा."

"खतीजाबाई, जरा तोंड सांभाळून—"

"तोंड तुम्ही सांभाळा, टेंभुर्णी आहे त्यात." तिचा आवाज आता पडवीपर्यंत जात होता; दोन-चार रोगी दारात येऊन उभे राहिले. "ती खाते तेव्हा ते विष. तुम्ही खाता तेव्हा यंदा गोड आहेत! एक बाई भुकेली राहिली, नवरा-पोरीला भाकर देऊन स्वतः रानावर जगली, मरता मरता वाचली. आणि तुम्ही चिठ्ठीवर बोट फिरवून तिला गुन्हेगार केलंत. एकदा खाटेपर्यंत जाऊन विचारलंत तिला? वीस पावलं आहेत इथून, वीस. मी मोजलीत."

बाया दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. आपण आणलेल्या फळांवरून एवढं रणकंदन का झालं, हे तिला उमजत नव्हतं.

कोंडाजीनं हातातली बी टोपलीत टाकली. कागद उलटसुलट केला. मग मिशीत हसला, आणि लगेच हसू गिळलं.

"बाई, तुमचं खरं हाय. मला बी त्यो इखाचा कागद वाचून जरा नवल वाटलंच हुतं. पर माज्याकडं दवाखान्याचा शिक्का हाय. मोठ्या डॉक्टरनी लिवून द्यावं, मी हितंच फाडतो."

"लिहून देतील," खतीजा म्हणाली.

सर्जन साडेअकराला आले. हात धुताना त्यांना कुणी बोललेलं खपत नसे. खतीजा मोरीपाशी जाऊन उभी राहिली, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कागद.

"डॉक्टर, हिरीच्या कागदावर सही हवी."

"कुठली हिरी?"

"जिच्या पोटातून गोळा काढलात ती. तिच्यावर आत्महत्येचा खटला होतोय."

"नॉनसेन्स. कुणी सांगितलं?"

"आपल्याच दवाखान्यानं. तुम्ही 'गोळा' लिहिलंत, मी 'बाहेरची वस्तू' लिहिलं, हेडक्लार्कनी 'विष' लिहिलं. तिघांपैकी एकानंही तिला विचारलं नाही ती ते का खात होती."

सर्जननं नळ बंद केला. त्यांच्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. "मी सर्जन आहे बाई. वाट बंद होती, मोकळी केली. आकडे तुमचं खातं."

"मग एवढंच लिहा. वाट बंद होती. आणि खाली लिहा, महिनाभर टेंभुर्णी अन्न म्हणून खाल्ल्यामुळे. अन्न म्हणून. हे दोन शब्द मला हवेत. हवालदार बाहेर बसलाय."

त्यांनी ओल्या हातानंच पेन घेतलं आणि लिहिलं. 'अन्न म्हणून' या शब्दांवर पाण्याचा थेंब पडून शाई पसरली, पण वाचता येत होतं. कोंडाजीनं ते दोनदा वाचलं, बोलल्याप्रमाणे चौकीचा कागद उभा-आडवा फाडला आणि टेंभुर्ण्यांच्या सालींवर टाकला.

खतीजानं पुण्याला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. नऊशे पस्तीस आणि नऊशे पन्नास दोन्ही काढले, पाचशे सदतीस लावला. जठराची वाट बंद. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे ते चूक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिला. सीतारामरावांनी पत्रावर शिक्का मारला, पण दोन महिने ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. ती तर मुळीच बोलली नाही.

शुक्रवारी हिरी चालत पडवी उतरली. पोर बायाच्या कडेवर. खतीजानं तिला बजावलं, करकरीत फळ खायचं नाही, सालीसकट तर नाहीच, थोडं थोडं खायचं.

"व्हय बाई," हिरी म्हणाली. "पर थोडं थोडं काय खायाचं त्ये बी सांगा की."



आठवड्यानं बाया जखमेचं औषध न्यायला आली तेव्हा तिनं सांगितलं, सावळा उतरला. भाज्याच्या लेण्यांच्या वरच्या कपारीत बारा दिवस होता. त्याला वाटलं हिरीला नेली वडगावला. घरी येऊन चुलीपाशी ती बसलेली पाहिली तर म्हणे उंबऱ्यातच बसून रडला.

गोष्ट इथे संपली असती तर खतीजाचाही राग निवला असता. पण श्रावणात एक दिवस कुसगावच्या वरच्या वाडीतून गेणू नावाचा म्हातारा आला. तेच दुखणं, अन्न खाली उतरत नाही, सगळं ओकून पडतं. सर्जननं उघडलं तर जुन्या अल्सरनं जठराचं तोंड आखडून गेलेलं. गोळा नाही, काही नाही. त्यांनी तसं स्वच्छ लिहिलं. खतीजा त्या दिवशी रजेवर होती. दुसऱ्या दिवशी तिनं तक्ता उघडला, तर गेणूच्या नावापुढे नऊशे पस्तीस आणि शेजारच्या रकान्यात नऊशे पंधरा, चुकून पोटात गेलेली वस्तू.

ती सीतारामरावांच्या टेबलाशी गेली. काचेखाली नवी चिठ्ठी होती. अक्षर तेच, वळणदार. अकरावी ओळ बदलली होती. 'डोंगरचा माणूस, पोट बंद – टेंभुर्णी – ९३५/९१५.'

"तुझ्या सांगण्यावरूनच बदलली," सीतारामराव म्हणाले. दोन महिन्यांत प्रथमच ते तिच्याशी बोलत होते, आणि आवाजात समेट होता. "आता कुणाला कोर्टात जावं लागणार नाही."

"श्रावणात टेंभुर्णी असते?" खतीजानं विचारलं.

सीतारामरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धो धो कोसळत होतं.

खतीजानं दोन्ही हातांनी काच उचलली, भिंतीला टेकवून उभी केली आणि चिठ्ठी काढून तिचे तुकडे केले. मग सीतारामरावांची खुर्ची पाठीला धरून मागे ओढली, त्यांच्यासकट.

"उठा," ती म्हणाली. "गेणूबाबा सात नंबरच्या खाटेवर आहेत. पंचवीस पावलं. मी बरोबर येते."

सीतारामराव उठले. दारापर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. खतीजा मागे चालत होती, चिठ्ठीचे तुकडे मुठीत, आणि मोठ्यानं पावलं मोजत होती.